रमजानची मोहलत आणि ताइझचा रस्ता

2 एप्रिल 2022 हा येमेनमध्ये रमजानचा पहिला रोजा होता. आपल्याकडे चंद्र एक दिवस उशिरा दिसला, त्यामुळे आपले रोजे 3 तारखेला सुरू झाले. त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, लोक इफ्तार उरकून तरावीहच्या तयारीत असताना, तिथल्या तोफा थांबल्या. सह्यांचा समारंभ झाला नाही, नेत्यांनी हातात हात घेऊन फोटोही काढले नाहीत. आदल्या दिवशी संयुक्त राष्ट्रांचे दूत हान्स ग्रुन्डबर्ग यांनी एवढेच जाहीर केले होते की, दोन्ही बाजूंनी दोन महिन्यांची मोहलत मान्य केली आहे. अरबीत तिला ‘हुदना’ म्हटले गेले. आपण युद्धविराम म्हणू, उर्दूत जंगबंदी. नावे वेगळी असली तरी ऐकणाऱ्याच्या मनातली शंका एकच असते: हे किती दिवस टिकणार?

आपल्या वर्तमानपत्रांत येमेन फारसा येत नाही, म्हणून थोडी पार्श्वभूमी. उत्तरेच्या डोंगराळ सादा भागातून आलेल्या हौथी बंडखोरांनी सप्टेंबर 2014 मध्ये राजधानी सना ताब्यात घेतली. राष्ट्राध्यक्ष अब्द रब्बू मन्सूर हादी आधी एडनला आणि तिथून सौदी अरेबियात गेले. मार्च 2015 मध्ये सौदीच्या पुढाकाराखालील लष्करी युती हादींच्या बाजूने युद्धात उतरली आणि विमाने बाँब टाकू लागली. हौथींच्या पाठीशी इराण होता. पुढच्या सात वर्षांचा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने मांडला आहे. त्यांच्या अंदाजानुसार 2021 अखेरपर्यंत 3 लाख 77 हजार माणसे गेली. त्यातली सुमारे 60 टक्के गोळीने किंवा बाँबने मेली नाहीत. भूक, आजार आणि न मिळालेले उपचार यांनी त्यांचा बळी घेतला. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण युद्धविरामाच्या कागदावर काय लिहायला हवे ते तोच सांगतो.

येमेन आपल्याला वाटतो तितका परका नाही. परभणी-नांदेडकडे चाऊस आडनावाची घरे आहेत. निजामाच्या फौजेत चाकरीला आलेल्या अरबांचे हे वंशज, आणि त्यांचे पूर्वज आले ते येमेनच्या पूर्वेकडील हद्रमौतमधून. अलीकडचा संबंध 2015 च्या एप्रिलचा. एडन बंदराजवळ गोळीबार चालू असताना भारतीय नौदलाच्या नौकांनी आपल्या माणसांना बाहेर काढले. ‘ऑपरेशन राहत’ या मोहिमेत साडेचार हजारांहून अधिक भारतीय आणि चाळीसेक देशांचे साडेनऊशेच्या आसपास नागरिक सुटले. त्यांत नर्सेस होत्या, मजूर होते. आपली माणसे परत आली आणि येमेन आपल्या बातम्यांतून गेला.

आता मूळ प्रश्न. रमजान आला म्हणून तोफा थांबल्या का? महिना पवित्र आहे म्हटल्यावर असे वाटणे साहजिक आहे, मुसलमानांनाही वाटते. पण अरबी परंपरेत लढाईला मनाई असलेले चार महिने म्हणजे रज्जब, जिल्काद, जिल्हिज्ज आणि मुहर्रम. रमजान त्यांत नाही. शिवाय येमेननेच या समजुतीची परीक्षा एकदा घेतली होती. 2015 च्या जुलैत, रमजानच्या शेवटच्या आठवड्यासाठी, संयुक्त राष्ट्रांनी युद्धविराम जाहीर केला. 10 जुलैच्या मध्यरात्रीपासून तो ईदपर्यंत चालायचा होता. काही तासांतच हवाई हल्ले आणि जमिनीवरची लढाई दोन्ही सुरू असल्याच्या बातम्या आल्या. हादी यांनी आपली संमती लष्करी युतीला कळवली आहे, असे संयुक्त राष्ट्रांनी सांगितले होते. युती म्हणाली, आम्हाला हादी सरकारकडून असे काहीच आलेले नाही. बाँब ज्यांच्या विमानांतून पडत होते त्यांचाच होकार पक्का नव्हता. महिना तोच आणि रोजेही तेच होते, तरी ईदच्या आठवड्यात माणसे मरत राहिली.

2022 मध्ये असे वेगळे काय झाले? दोन्ही बाजू थकल्या होत्या, हे खरेच आहे. मारिब शहर घेण्याचा हौथींचा प्रयत्न अडला होता आणि सौदीला या युद्धातून अंग काढून घ्यायचे होते. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो कागदावरचा मजकूर. लढाई थांबवा एवढेच सांगून तो थांबत नाही. दोन महिन्यांत इंधनाची 18 जहाजे हुदैदा बंदरात येतील, सना विमानतळावरून आठवड्याला दोन प्रवासी विमानसेवा चालतील, जॉर्डन आणि इजिप्तला, असे आकड्यांत त्यात लिहिले होते.

इंधनाच्या जहाजांची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. हुदैदा हे तांबड्या समुद्रावरचे बंदर हौथींच्या हाती. उत्तर येमेनचे धान्य आणि तेल मुख्यतः तिथूनच येते. जहाजांची तपासणी जिबूतीत संयुक्त राष्ट्रांची यंत्रणा करायची, त्यांना परवानाही मिळायचा, आणि तरीही युतीच्या युद्धनौका ती समुद्रात अडवून ठेवायच्या, कधी आठवडे, कधी महिने. येमेनमध्ये डिझेल म्हणजे नुसता गाडीचा प्रश्न नाही. विहिरीचा पंप, रुग्णालयाचा जनरेटर, पिठाची गिरणी, पाण्याचा टँकर, सारे त्यावर. त्यामुळे 18 जहाजे म्हणजे काय, हे सनातल्या कोणत्याही घरात समजावून सांगावे लागले नसेल. जहाज आले की नाही हे बंदरावर उभे राहून मोजता येते. न आल्यास कोणी शब्द मोडला तेही दिसते.

विमानांचेही तसेच. सनाहून प्रवासी विमाने ऑगस्ट 2016 पासून बंद होती. कर्करोगाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला परदेशी न्यायचे तर आधी एडनपर्यंतचा नाकेबंद्यांचा रस्ता पार करावा लागे. पहिले विमान 24 एप्रिलला सुटायचे होते, ते पासपोर्टवर अडले. हौथींनी सनात दिलेले पासपोर्ट मान्य केले तर त्यांचे राज्यच मान्य केल्यासारखे होईल, अशी सरकारची अडचण होती. रुग्ण बॅगा भरून वाट पाहत राहिले. अखेर सरकारने माघार घेतली आणि 16 मे रोजी येमेनियाचे विमान सव्वाशे प्रवासी घेऊन अम्मानला गेले. जवळजवळ सहा वर्षांनी! या माघारीचे श्रेय सरकारला द्यायला हवे, ती सोपी नव्हती. (मे 2025 मध्ये सना विमानतळावर इस्रायलचे हल्ले झाले आणि तिथली येमेनियाची विमाने जळाली. कारण वेगळ्या युद्धाचे होते, भोगले मात्र त्याच रुग्णांनी.)

मोजता न येणारे शब्द लिहिले की काय होते, हे याआधीच्या स्टॉकहोम करारात दिसले होते. डिसेंबर 2018 मध्ये स्वीडनमध्ये झालेल्या या कराराने हुदैदातून दोन्ही फौजांनी मागे सरायचे ठरले. मग शहर आणि बंदर सांभाळणार कोण? करार म्हणतो, येमेनच्या कायद्यानुसार ‘स्थानिक सुरक्षा दले’. कोणाचा कायदा आणि कोणती दले, हे लिहिलेच नाही. दोन आठवड्यांत हौथींनी बंदर तटरक्षक दलाकडे सोपवल्याचा समारंभ केला. सरकार म्हणाले, ही त्यांचीच माणसे आहेत, फक्त गणवेश बदललाय. पुढे संयुक्त समितीच्या बैठकीसाठी जागेवर एकमत होईना. एकाच्या हद्दीत दुसरा यायला तयार नव्हता. शेवटी संयुक्त राष्ट्रांनी समुद्रात जहाज उभे केले आणि फेब्रुवारी 2019 मध्ये बैठक त्या जहाजावर झाली. वाचताना हसू येते, पण एवढे करूनही तेव्हा हुदैदा शहरावरचा मोठा हल्ला टळला होता, हेही नोंदवले पाहिजे.

आणि आता ताइझ. कॉफीच्या ‘मोका’ या नावामागचे मोखा बंदर ज्या प्रांतात आहे, त्या प्रांताचे हे मुख्य शहर. डोंगराच्या कुशीतले, शिकलेल्या लोकांचे शहर म्हणून त्याची येमेनमध्ये ओळख. 2015 पासून शहराचा मधला भाग सरकारच्या बाजूच्या फौजांकडे आहे, तर पूर्वेचा हौबान भाग, जिथे कारखाने आहेत, हौथींकडे. मधल्या मुख्य रस्त्यावर मातीचे ढिगारे, सुरुंग आणि नेमबाज. घर शहरात आणि नोकरी हौबानला अशी हजारो कुटुंबे होती. दहा-पंधरा मिनिटांचा हा रस्ता बंद झाल्यावर लोक डोंगरातल्या अरुंद घाटवाटेने पाच-सहा तास घालवून जाऊ लागले. पावसात ट्रक कोसळायचे. बाळंतीण, डायलिसिसचा रुग्ण, टोमॅटोच्या पेट्या, सगळे त्याच वाटेने. पाण्यापासून पिठापर्यंत प्रत्येक वस्तूच्या किमतीत तो घाट मिसळलेला असे.

स्टॉकहोममध्ये हुदैदासाठी कलमे लिहिली गेली, ताइझच्या वाट्याला आला एक ‘सामंजस्याचा मसुदा’, ज्यात संयुक्त समिती नेमू एवढेच होते. 2022 च्या रमजानमधल्या मोहलतीत जहाजे किती आणि विमाने किती हे आकड्यांत आले, पण ताइझबद्दल पुन्हा तेच: रस्ते खुले करण्यावर बोलण्यासाठी दोन्ही बाजूंना बैठकीला बोलावले जाईल. बैठक मे महिन्यात अम्मानमध्ये झाली. संयुक्त राष्ट्रांनी प्रस्ताव मांडले. हौथींनी दुय्यम वाटा देऊ केल्या, मुख्य रस्ता सोडायला ते तयार झाले नाहीत. इथे मला हौथींचा दोष सरळ दिसतो. विमाने आणि जहाजे त्यांना हवी होती, ती त्यांना मिळाली. ताइझचा वेढा हा त्यांच्या हातातला पत्ता होता आणि तो त्यांनी जपून ठेवला.

इस्लामी इतिहासात युद्धविरामाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हुदैबियाचे, इसवी सन 628 चे. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) आणि मक्केचे कुरैश यांच्यात दहा वर्षांसाठी लढाई थांबवण्याचे ठरले. कुरैशांचे प्रतिनिधी सुहैल बिन अम्र यांनी ‘अल्लाहचे प्रेषित’ या शब्दांनाच हरकत घेतली आणि ते शब्द वगळून फक्त नाव लिहिले गेले. मक्केतून पळून येणाऱ्याला परत पाठवायचे, असे एक कलम होते. तह लिहिला जात असतानाच सुहैल यांचा स्वतःचा मुलगा अबू जंदल बेड्यांसह धडपडत तिथे पोहोचला. तो मुसलमान झाला होता आणि आश्रय मागत होता. त्याला परत पाठवण्यात आले. वर्गात हा प्रसंग सांगितला की मुले अस्वस्थ होतात, आणि व्हायलाच हवीत. तहाने हजारोंचे प्राण वाचतात हे खरे असले, तरी त्या क्षणी बेड्यांत उभा असलेला एक माणूसही तितकाच खरा असतो. 2022 च्या मोहलतीत त्या जागी ताइझ उभे होते.

दोन महिन्यांची मोहलत जूनमध्ये वाढली, ऑगस्टमध्ये पुन्हा वाढली आणि 2 ऑक्टोबर 2022 ला संपली. पगारावर बोलणी फिसकटली होती. मध्यवर्ती बँक 2016 मध्ये सनाहून एडनला हलवल्यापासून उत्तरेतल्या बहुतेक शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना नियमित पगार नाही. हौथींनी त्यात आपल्या सैनिकांचे पगारही घातले, ते सरकारला मान्य होणे शक्य नव्हते. कागद संपला तरी मोठी लढाई मात्र पुन्हा पेटली नाही. एप्रिल 2023 मध्ये, रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, रेडक्रॉसच्या विमानांतून दोन्हीकडचे जवळपास 900 कैदी घरी परतले. नोव्हेंबर 2023 पासून हौथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि शांततेची पुढची बोलणी मागे पडली. मोहलतीच्या काळात नागरिकांचे मृत्यू बरेच घटले होते, पण जे मरत वा जखमी होत होते त्यांच्या बाबतीत सर्वांत मोठे कारण होते सुरुंग. तोफा थांबल्या म्हणून लोक शेतात आणि जुन्या घरांकडे परतू लागले, आणि तिथे जमिनीत सुरुंग पेरलेले होते. त्यांना मोहलतीची खबर नव्हती.

ताइझ-हौबान रस्ता अखेर 13 जून 2024 रोजी उघडला. अम्मानमधल्या बैठकीनंतर दोन वर्षे गेली होती आणि रस्ता बंद झाल्याला जवळजवळ नऊ. स्थानिक मध्यस्थांनी दोन्हीकडे खेटे घातले, आधी सुरुंग आणि मातीचे ढिगारे काढले गेले, मग दोन्ही बाजूंच्या चौक्यांनी वाट दिली. बकरी ईदला तीन दिवस बाकी होते. पहिल्या दिवशी कितीतरी लोक तो रस्ता पायीच चालून गेले.