खुंटावाचून कलम

मोर्शीच्या बाजारात माझ्या मित्राचं संगणकाचं दुकान आहे. पुढं झेरॉक्स, सातबारा, पीकविम्याचे अर्ज; मागच्या टेबलावर पोट उघडून पडलेले लॅपटॉप. मागच्या पावसाळ्यात तिथं चहा पीत बसलो होतो, तेव्हा संत्र्याची रोपवाटिका असलेले एक काका एक जुनी सीडी घेऊन आले. सीडीत बिलं बनवायचा प्रोग्रॅम होता. जुना संगणक विजेच्या झटक्यानं गेला म्हणून त्यांनी विंडोज १० असलेला सेकंडहँड लॅपटॉप घेतला होता.

‘‘भाऊ, तीन डाव टाकून पाह्यलं. अर्ध्यापर्यंत जाते अन् वापस येते. सीडीच खराब झाली काय?’’

सीडी ठणठणीत होती. पण ‘वापस येते’ हे त्यांनी अगदी नेमकं टिपलं होतं. इन्स्टॉलर फायली टाकत जातो, तसा प्रत्येक पावलाची नोंदही ठेवतो. कुठं अडलंच, तर त्या नोंदी उलट्या क्रमानं वाचत टाकलेलं सगळं काढून घेतो. आल्या वाटेनं मागं जायचं आणि जाताना आपल्याच पाऊलखुणा पुसायच्या. याला रोलबॅक म्हणतात. म्हणूनच अडलं कुठं, ते नंतर मशीन बघून कळत नाही.

मित्रानं चौथ्यांदा प्रोग्रॅम टाकला, पण या वेळी इन्स्टॉलरला सविस्तर लॉग लिहायला लावलं. हजारो ओळींची फाइल तयार झाली. ती कोणी वाचत बसत नाही. त्यात एकच गोष्ट शोधायची : ‘रिटर्न व्हॅल्यू ३’. पायरी जमली की इन्स्टॉलर १ लिहितो, फसली की ३. पहिल्या ३ च्या जरा वर खरं कारण सापडतं. इथं मधली एक पायरी डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ मागत होती आणि ते लॅपटॉपवर नव्हतं. चांगला इन्स्टॉलर ही चौकशी दारातच करतो. हा अर्ध्या वाटेवर जाऊन खिसे चाचपत होता!

मी शहाणपणा केला. म्हटलं, ‘‘अरे, पण विंडोज १० मध्ये डॉट नेट ४ असतंच की. ते तर याच्याहून नवं.’’

मित्र म्हणाला, नवं असलं तरी ते वेगळं आहे. ३.५ आलं २००७ मध्ये आणि ते चालतं जुन्या, दुसऱ्या आवृत्तीच्या इंजिनावर. ४ आलं ते स्वतःचं इंजिन घेऊनच. दोन्ही एका मशीनवर गुण्यागोविंदानं नांदतात, पण ३.५ साठी बांधलेला प्रोग्रॅम सहसा आपलंच इंजिन मागतो. विंडोज ७ मध्ये ते आयतं मिळायचं. विंडोज ८ पासून ते पर्यायी झालं.

काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, ‘‘म्हणजे जंबेरीच नाही अन् आपण डोळा भरून राहिलो.’’

मोर्शी-वरुडच्या बाहेरच्यांसाठी सांगतो. तुम्ही खाता ते संत्रं ज्या झाडाला लागतं, त्याचं मूळ संत्र्याचं नसतं. आधी जंबेरी नावाच्या रानटी, आंबट लिंबाचं बी पेरतात. रोपाचं खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद देतात, संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा त्यात बसवतात आणि वरून पट्टी बांधतात. डोळा फुटला की जंबेरीचा शेंडा छाटतात. पुढं जन्मभर वर संत्रा, खाली जंबेरीचा खुंट. काही जण रंगपूर लाइमचा खुंट वापरतात, तोही चालतो. पण खुंट हवाच. नुसता डोळा मातीत खोचून झाड येत नाही.

प्रोग्रॅमचंही तसंच आहे. छापणं, तारीख मोजणं, पडद्यावर खिडकी उघडणं यातलं जवळजवळ काहीच बिलवाल्या प्रोग्रॅमनं स्वतः लिहिलेलं नसतं. ते दुसऱ्यांनी कधीच लिहून ठेवलेलं असतं, हा फक्त हाक मारतो. ही रीत संगणकाच्या बालपणापासूनची. केंब्रिजमध्ये १९४९ साली एडसॅक हा संगणक सुरू झाला. त्यानंतर मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि त्यांच्या सोबत्यांनी वारंवार लागणारी गणितं कागदी पट्ट्यांवर भोकं पाडून कपाटात ठेवली. कोणाला वर्गमूळ हवं, तर त्यानं कपाटातून ती पट्टी काढायची आणि आपल्या कामात जोडायची. त्या कपाटाला लायब्ररी म्हणत. आजची डीएलएल फाइल म्हणजे त्याच कपाटातली पट्टी. शेवटचा एल लायब्ररीचाच आहे.

पट्टी लहान असली म्हणून तिचं नसणं लहान नसतं. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरनं रागाच्या भरात आपलं ‘लेफ्ट-पॅड’ हे सार्वजनिक भांडारात ठेवलेलं पॅकेज काढून घेतलं. काम काय, तर शब्दाच्या डावीकडं मोकळ्या जागा भरणं. ओळी ११. तेवढ्यानं जगभर मोठमोठ्या प्रकल्पांची बांधणी अडली आणि भांडारवाल्यांना काही तासांत ते परत ठेवावं लागलं.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? काकांच्या बिलावर वरती पत्ता छापायचा होता : मोर्शी. युनिकोडमध्ये हा शब्द सहा तुकड्यांचा असतो : म, ओकार, र, हलन्त, श, दीर्घ ईकार. यात रफार कुठंच नाही! र आहे श च्या आधी. पडद्यावर मात्र तो श ओलांडून वेलांटीच्या टोकावर जाऊन बसतो. ही उडी त्याला मारायला लावणारा एक वेगळाच भाग असतो. विंडोज एक्सपीच्या काळात त्याचं नाव होतं युनिस्क्राइब, आणि इंग्रजी एक्सपीत भारतीय लिप्यांसाठीची ती सोय मुळात बंद असायची. सेटिंगमध्ये जाऊन टिक केली की विंडोजची मूळ सीडी मागितली जायची, आणि मूळ सीडी कोणाकडं असायची म्हणता? ‘कि’ची वेलांटी क च्या उजवीकडं लोंबकळताना पाहिलेले लोक अजून आहेत. त्यांचा फॉन्ट बिघडलेला नव्हता. खालचा खुंट नव्हता.

मित्रानं ‘विंडोज फीचर्स’ उघडून ३.५ वर टिक केली. आता विंडोज ते इंटरनेटवरून आणू लागलं; बाहेर पाऊस, नेट गेलं, पुन्हा अपयश. मग त्यानं पेनड्राइव्हवर ठेवलेली विंडोज १० ची प्रत लावली आणि तिच्यातल्या ‘सोर्सेस’ फोल्डरमधल्या ‘एसएक्सएस’कडं बोट दाखवलं. एसएक्सएस म्हणजे साइड बाय साइड, शेजारी-शेजारी. एकाच डीएलएलच्या दोन आवृत्त्या एकमेकींवर चढून मारामारी करत, म्हणून त्यांना वेगळी घरं देण्याची ही युक्ती. दहा मिनिटांत काम झालं.

एक गोष्ट मला तिथंच कळली आणि अजून हसू येतं. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ६४ बिटच्या डीएलएल राहतात ‘सिस्टिम ३२’ नावाच्या फोल्डरमध्ये, आणि ३२ बिटच्या ‘सिसवाऊ ६४’मध्ये. जुन्या प्रोग्रॅमांना सवयीचा पत्ता बदलून चालणार नव्हतं, म्हणून पाट्या उलट्या राहिल्या.

म्हणूनच ‘अमुक डीएलएल सापडत नाही’ अशी पाटी आली की ती एकटी फाइल कुठल्यातरी भलत्या संकेतस्थळावरून उतरवून घेऊ नका. चुकीच्या घरात पडते, आणि सोबत काय येईल त्याचा नेम नाही. नाव ‘व्हीसीरनटाइम १४०’ असेल, तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ पॅकेज पूर्ण टाका. प्रोग्रॅम ३२ बिटचा असेल तर मशीन ६४ बिटचं असलं तरी एक्स८६वालं.

आणि दुकानात जाण्याआधी एक करा. ती पाटी दिसली की ‘ओके’ दाबायच्या आधी मोबाईलनं तिचा फोटो काढा. माझा मित्र म्हणतो, निम्मं गिऱ्हाईक ‘काहीतरी इंग्रजीत आलं होतं’ एवढंच सांगतं.