नांगराच्या तासातली मीनाकारी

कानाला हेडफोन लावून, हातातला दांडा जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवत नांगरटीतून चालणारी माणसं इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात सर्रास दिसू लागली. मेटल डिटेक्टर तेव्हा सामान्यांना परवडू लागला होता. वीतभर खोलीवरचा धातू कानात वाजायचा आणि मातीतून बहुतेकदा बाटलीचं झाकण किंवा कोटाचं बटण निघायचं. कधीमधी मात्र हाती यायची तांब्याच्या मिश्रधातूची इवलीशी ढाल. वर एक कडी, आणि माती पुसली की खाली लाल मीना.

हे मध्ययुगीन घोड्यांच्या सामानावरचे लोलक. छातीवरच्या पट्ट्याला, डोक्याच्या आणि पाठीमागच्या पट्ट्यांना ते टांगत. चाल बदलली की ते हलत, चमकत. बाराव्या शतकातले काही गोल, सोन्याचा मुलामा दिलेले, प्राणी-पक्षी कोरलेले आहेत; पण खरा बहर तेराव्या-चौदाव्या शतकांतला. ढाल, चौकट, चार पाकळ्यांचं फूल असे आकार. कारागीर पत्र्यात खाच पाडून तीत काचेची पूड भरायचा आणि भट्टीत भाजायचा. पिवळ्यासाठी सोन्याचा मुलामा, पांढऱ्यासाठी चांदीचा, लाल-निळ्यासाठी मीना. सरदार घराण्याचं कुळचिन्ह एवढ्याशा जागेत उमटे.

पण चिन्हाइतकंच मोलाचं असतं ठिकाण. कुठल्या गावाच्या कुठल्या शेतात लोलक पडला, हे हरवलं की उरतो तो फक्त एक सुंदर तुकडा. सुरुवातीच्या काळात नेमकं हेच घडत होतं. रात्री संरक्षित स्थळं उकरणाऱ्यांमुळे पुरातत्त्वज्ञ संतापले होते आणि तो संताप रास्त होता. १९७९ च्या कायद्याने अशा स्थळांवर विनापरवाना डिटेक्टर चालवायला बंदी घातली. १९८० मध्ये ‘आमचा भूतकाळ नेणं थांबवा’ अशा अर्थाची मोहीमही निघाली. परिणाम असा झाला, की प्रामाणिक छंदिष्टही संग्रहालयाची पायरी चढेनासे झाले.

नॉरफक परगण्याने दुसरी वाट धरली. तिथले संग्रहालयातले लोक १९७० च्या दशकाच्या अखेरीपासूनच डिटेक्टरवाल्यांत मिसळू लागले. सापडलेल्या वस्तू पाहायच्या, नोंदवायच्या आणि परत द्यायच्या. या साध्या विश्वासाने बंदीपेक्षा जास्त काम केलं. तिथे सापडलेल्या कुळचिन्हांच्या अश्वसामानावर स्टीव्हन अ‍ॅशली यांचा स्वतंत्र ग्रंथ २००२ मध्ये येऊ शकला, तो या नोंदींच्या बळावरच.

इंग्लंडभरात वर्षाकाठी सुमारे चार लाख वस्तू सापडत असाव्यात, असा अंदाज १९९५ च्या एका पाहणीत मांडला गेला. त्यांतल्या फार थोड्या नोंदल्या जात. १९९६ च्या खजिना कायद्याचा भर सोन्या-चांदीवर. शेतात पडलेला एकटा तांब्याचा लोलक त्यात बसत नव्हता. म्हणून १९९७ मध्ये पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम ही ऐच्छिक नोंदणीची योजना आली आणि २००३ मध्ये ती सबंध इंग्लंड-वेल्सला लागू झाली.

१९८६ मध्ये निक ग्रिफिथ्स यांनी या लोलकांची ओळख करून दिली, ती एका छोट्या माहितीपत्रकात. आज नोंदी हजारोंत आहेत आणि त्यांच्याकडून बरंच कळतं. सोनेरी जमिनीवर तीन लाल कोनपट्टे दिसले, की क्लेअर घराणं आठवतं. त्याचा शेवटचा पुरुष वारस १३१४ मध्ये बॅनकबर्नच्या लढाईत पडला. इंग्लंडच्या राजचिन्हातले नुसते तीन सिंह दिसले, तर लोलक बहुधा १३४० च्या आधीचा. त्या वर्षी तिसऱ्या एडवर्डने राजचिन्हात फ्रान्सची फुलं घातली. अर्थात घोडा खुद्द सरदाराचाच असेल असं नाही. घराण्याच्या चाकरांच्या घोड्यांवरही ही चिन्हं मिरवत. कडी झिजली, की लोलक वाटेवर गळून पडे. काही गावातल्या उकिरड्यातून खताबरोबर शेतात गेले असावेत.

रिकिबीच्या पट्ट्यावरच्या अकराव्या शतकातल्या धातूच्या जोडांची कहाणीही अशा नोंदींमुळेच उलगडली. १९९७ मध्ये डेव्हिड विल्यम्स यांनी त्यांची सूची केली आणि व्हायकिंग वळणाची नक्षी इंग्लिश शेतांत किती पसरली होती, ते दिसलं.

लोलक नोंदवून झाला, की बहुधा शोधणाऱ्याच्या घरी परत जातो. नोंदीत राहतात वजन, माप, छायाचित्र आणि नकाशावरचे आकडे. ते आठ असले, तर जागा दहा मीटरच्या चौकोनात सापडते.