वर्गात कोरियन बोलू द्यावी का? इंग्रजी शिकवताना मातृभाषेचं काम

 आजचा विषय ऐकायला जरा लांबचा वाटेल. दक्षिण कोरियातल्या मुलांना इंग्रजी शिकवताना वर्गात त्यांची कोरियन वापरावी की नाही, आणि वापरायची तर किती?

एवढ्या लांबचं उदाहरण का घेतलं, ते आधी सांगते. आपल्याकडे हा प्रश्न काढला की पाच मिनिटांत मराठी माध्यम की इंग्रजी माध्यम या वादात आपण अडकतो. कोरियातल्या सर्वसाधारण शाळेत गणित, विज्ञान, इतिहास सगळं कोरियनमध्येच चालतं. इंग्रजी हा एक विषय. त्यामुळे माध्यमाचं भांडण बाजूला राहतं आणि मूळ प्रश्न स्वच्छ दिसतो: परकी भाषा शिकताना येणारी भाषा मदत करते की आड येते?

माझा स्वतःचा यात एक अपराध आहे, तिथूनच सुरुवात करते. चाकण, रांजणगाव भागातल्या कारखान्यांमुळे पुण्यात बरीच कोरियन कुटुंबं राहतात. त्यातल्या सात-आठ मुलांना मी काही वर्षांपूर्वी शनिवारी इंग्रजी शिकवत असे. मला कोरियन येत नव्हती. फळ्यावर मी ठळक लिहून ठेवलं होतं, ‘ओन्ली इंग्लिश’. कुणी कोरियनमध्ये कुजबुजलं की मी फक्त त्या पाटीकडे बोट दाखवायची.

एका शनिवारी मी फळ्यावर वाक्य लिहिलं, ‘आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर टू इयर्स.’ प्रत्येकाने स्वतःबद्दल असं एक वाक्य लिहायचं होतं. अकरा-बारा वर्षांची एक मुलगी लिहीतच नव्हती. ती शेजारणीला काहीतरी विचारायला गेली आणि मी पाटीकडे बोट दाखवलं. ती गप्प झाली, ती पुढचे तीन शनिवार गप्पच. मला वाटलं, अभ्यास नाही, आळस आहे. मग एकदा तिच्या आईशी बोलणं झालं. मुलगी घरी म्हणाली होती, ‘मी पुणं सोडून गेले असं टीचर मला लिहायला सांगतात, पण मी तर इथेच राहते.’

आता बघा, चूक कुठे होती? कोरियनमध्ये ‘सारास्सॉयो’ म्हणजे ‘राहिले’, ‘राहत होते’. इंग्रजी वाक्यातलं ‘लिव्ह्ड’ तिने त्या खणात टाकलं. दोन वर्षांपासून राहतेय आणि अजूनही इथेच आहे, हे कोरियनमध्ये ‘साल्गो इस्सॉयो’ असं सांगतात, म्हणजे ‘राहत आहे’. वर्तमानकाळ! आणि मराठीत तरी आपण काय म्हणतो? ‘मी दोन वर्षांपासून पुण्यात राहते आहे.’ आपणही वर्तमानकाळच वापरतो. म्हणजे तिची अडचण मला माझ्याच भाषेतून कळायला हवी होती. शेजारणीने कोरियनमध्ये एक वाक्य सांगितलं असतं, तर अर्ध्या मिनिटात प्रश्न मिटला असता. माझ्या नियमाने तो अर्धा मिनिट वाचवला आणि तीन आठवडे घालवले.

मग हा ‘फक्त इंग्रजी’चा नियम आला कुठून? तो मूर्खपणातून आलेला नाही, हे आधी मान्य करू. कोरियात १९९७ साली इंग्रजी हा विषय प्राथमिक शाळेत तिसरीपासून नियमित झाला. त्याआधी १९९५ मध्ये परदेशी इंग्रजी शिक्षक सरकारी शाळांत आणण्याची योजना सुरू झाली होती. २००० नंतर शिक्षण खात्याने इंग्रजीचा तास शक्यतो इंग्रजीतूनच घ्या असा आग्रह धरला. कारण सरळ होतं. पूर्वीच्या पद्धतीत शिक्षक इंग्रजी उतारा वाचायचा, कोरियनमध्ये फोड करायचा आणि मुलं ती उतरवून घ्यायची. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ज्यांनी गिरवली आहे, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. व्याकरण पक्कं व्हायचं, तोंड मात्र उघडायचं नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे इंग्रजी रस्त्यावरच्या पाट्यांवर असते, कोर्टात असते, फॉर्मवर असते. कोरियातल्या मुलाच्या गावात इंग्रजी बोलायला कुणी नसतं. आठवड्याचे ते दोन-चार तास, एवढाच त्याचा खरा सराव. ते तासही कोरियनमध्ये गेले तर त्याने इंग्रजी ऐकायची कुठे? हा मुद्दा वजनदार आहे आणि मी तो शेवटपर्यंत सोडणार नाही.

पण आग्रहाचा अतिरेक व्हायला वेळ लागत नाही. २००८ च्या सुरुवातीला नव्या राष्ट्राध्यक्षांच्या संक्रमण समितीने इतर विषयही इंग्रजीतून शिकवण्याची कल्पना मांडली. त्याच सुमारास समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं, की अमेरिकेत कोरियन धाटणीने ‘ओरेंजी’ म्हटलं तर कुणाला कळलं नाही, उच्चार बदलल्यावर कळलं, तेव्हा असे शब्द कोरियनमध्ये लिहिण्याची पद्धतच बदलायला हवी. देशभर त्याची थट्टा झाली. सगळे विषय इंग्रजीतून, ही कल्पना विरोधामुळे मागे घ्यावी लागली.

लोक एवढे का चिडले? त्यामागे इतिहासही आहे. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. १९३८ च्या शिक्षण आदेशानंतर कोरियन भाषा शाळेतल्या सक्तीच्या विषयांतून गेली आणि पुढे शाळेत कोरियन बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होऊ लागल्या. इंग्रजीचा तास आणि ती सक्ती यांची बरोबरी करणं चूक ठरेल. पण ज्या घरात आजी-आजोबांनी हे भोगलंय, त्या घरातल्या मुलाला ‘तुझी भाषा इथे चालणार नाही’ हे वाक्य नुसता वर्गाचा नियम म्हणून ऐकू येत नाही.

आता अभ्यासक काय म्हणतात ते थोडक्यात पाहू. इंग्रजी ही इंग्रजीतूनच उत्तम शिकवता येते, हा समज १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे भरलेल्या राष्ट्रकुल परिषदेने पक्का केला, असं रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं आणि त्याला चक्क भ्रम म्हटलं. कॅनडातले जिम कमिन्स यांचं म्हणणं असं, की दोन भाषा डोक्यात दोन वेगळ्या डब्यांत नसतात. पाण्यावर हिमनगाची दोन टोकं दिसतात, खाली पाया एकच असतो. ‘कारण’ आणि ‘निमित्त’ यांतला फरक ज्याला आपल्या भाषेत कळला, त्याला इंग्रजीत फक्त शब्द शिकायचे राहतात, फरक नव्याने शिकावा लागत नाही.

मग कोरियनने वर्गात नेमकी कोणती कामं करायची? मी चार सांगते.

पहिलं काम, अर्थ पोचवणं. ‘अ‍ॅपल’ला चित्र दाखवता येतं. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’चं चित्र कसं काढाल? पाच मिनिटं हातवारे करून मुलांनी भलताच अर्थ घ्यावा, त्यापेक्षा एक कोरियन शब्द सांगा आणि पुढे चला. जर्मन अभ्यासक वोल्फगांग बुट्सकाम यांनी यासाठी सँडविचसारखी एक सोपी रीत सांगितली आहे. आधी इंग्रजी, मध्ये एकदाच हळू आवाजात मातृभाषा, लगेच पुन्हा इंग्रजी. म्हणजे ‘नेव्हर माइंड’, मग ‘क्वेनचाना’, मग पुन्हा ‘नेव्हर माइंड’. कोरियन शब्द येतो, काम करतो आणि बाजूला होतो. मुलांच्या कानात शेवटी इंग्रजीच राहते.

दुसरं काम, फरक दाखवणं. कोरियनमध्ये क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं. ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ नाहीत, आपल्याकडेही नाहीत. र आणि ल यांना एकच अक्षर आहे. दात ओठावर टेकवून काढायचा इंग्रजी फ नाही, ओठ मिटून काढायचा आपला जुना ‘फळ’मधला फ आहे, म्हणून कॉफी आणि कॉपी यांत गल्लत होते. ‘स्ट्राइक’ हा एका अवयवाचा शब्द कोरियन लिपीत लिहिला की पाच अवयवांचा होतो, सु-थु-रा-इ-खु. नकारार्थी प्रश्नाची गंमत तर आपल्याला लगेच कळेल. ‘डिडन्ट यू डू युअर होमवर्क?’ असं विचारलं की मूल म्हणतं ‘येस’. म्हणजे, हो, नाही केला! मराठीतही ‘गृहपाठ केला नाहीस ना?’ला आपण ‘हो’ म्हणतोच की. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून दाखवली की मुलं स्वतःच हसतात आणि सहसा विसरत नाहीत.

यातच कोरियन झालेले इंग्रजी शब्दही येतात. कोरियात परीक्षेत कॉपी करण्याला ‘खॉन्निंग’ म्हणतात, मूळ शब्द ‘कनिंग’. दुकानदाराने वर काही फुकट दिलं की ती ‘सॉबिसु’, म्हणजे ‘सर्व्हिस’. हे शब्द मुलांना इंग्रजीच वाटतात. तेव्हा ‘ही इज कनिंग’ असं एखादं मूल म्हणालं, तर ते शेजाऱ्याला धूर्त म्हणतंय की तो बघून लिहितोय अशी तक्रार करतंय? मुलांची भाषा थोडीतरी माहीत असल्याशिवाय शिक्षकाला हे कळणार नाही.

तिसरं काम, विचार जुळवणं. गटात निबंधाची तयारी करायची आहे. मुद्दे काय घ्यायचे, क्रम कसा लावायचा, यावर मुलांना पाच मिनिटं कोरियनमध्ये भांडू द्या. मग लिहायचं आणि बोलायचं ते इंग्रजीत. नाहीतर बारा वर्षांच्या मुलाला पाच वर्षांच्या मुलाएवढंच बोलता येतं, आणि हळूहळू त्याला आपण बुद्धीनेही तेवढेच आहोत असं वाटायला लागतं.

चौथं काम, माणसाचं. मूल रडतंय, दोघांत भांडण झालंय, कुणाला बरं वाटत नाही. तिथे इंग्रजीचा सराव करून घेऊ नये. एवढंच सांगते.

आता उलट बाजू. कोणती कामं कोरियनने करू नयेत? नमस्कार, हजेरी, ‘पुस्तक उघडा’, ‘दोघादोघांच्या जोड्या करा’, ‘छान’, ‘पुन्हा एकदा’, गोष्ट सांगणं. ही वाक्यं रोज येतात, प्रसंगावरून कळतात, म्हणून ती इंग्रजीतच हवीत. खऱ्या गरजेपोटी बोललेली इंग्रजी मुलाला बहुधा इथेच भेटते. शिक्षकाने दमल्यामुळे किंवा स्वतःच्या इंग्रजीची लाज वाटल्यामुळे तास कोरियनमध्ये घेतला, तर मी वर सांगितलेल्या कोणत्याच सबबीमागे त्याला लपता येणार नाही.

हे अवघड का जातं, याचं एक कारण परीक्षा आहे. कोरियातल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेला, ‘सुनुंग’ला, इंग्रजीचे ४५ प्रश्न असतात आणि ७० मिनिटं. त्यातले १७ प्रश्न ऐकून सोडवायचे. त्या वेळात देशभरातली विमानांची उड्डाणं आणि उतरणं थांबवतात, एवढं त्याला महत्त्व. पण मुलाला स्वतः बोलून दाखवायचा एकही प्रश्न नाही. आणि उताऱ्याखालचा प्रश्न, म्हणजे ‘या उताऱ्याचा हेतू काय?’ वगैरे, कोरियनमध्ये छापलेला असतो! मग बारावीच्या वर्गातला शिक्षक उतारा कोरियनमध्ये फोडून सांगतो यात नवल काय? खात्याचं धोरण इंग्रजीत बोला म्हणतं, परीक्षा कोरियनमध्ये विचारते, आणि दोष मात्र शिक्षकावर येतो.

म्हणून माझं म्हणणं असं. वर्गात कोरियन किती टक्के, हा प्रश्न सोडून द्या. प्रत्येक वेळी एवढंच विचारा, की या कोरियन वाक्यामुळे पुढचं इंग्रजी वाक्य मुलाच्या तोंडून येणं सोपं झालं का? झालं असेल तर ते वाक्य योग्य. त्याच्यामुळे पुढचं इंग्रजी वाक्य यायचंच राहिलं असेल, तर ते टाळा.

(श्रोत्यांतून प्रश्न: ज्या शिक्षकाला कोरियन येतच नाही, त्याने काय करायचं?)

चांगला प्रश्न आहे, कारण मी त्यातलीच. कोरियातल्या सरकारी शाळांत परदेशी शिक्षकाबरोबर बहुधा एक कोरियन शिक्षक असतो, तिथे दोघांनी कामं वाटून घ्यावीत. एकटे असाल तर ज्या मुलाला कळलंय त्याला इतरांना कोरियनमध्ये सांगू द्या, आणि मग त्यांच्याकडून इंग्रजीत काढून घ्या. आणि एक वाक्य मुलांकडून घोकून घ्या, ‘ईगॉ यॉन्गॉरो म्वॉयेयो?’, म्हणजे ‘याला इंग्रजीत काय म्हणतात?’ हे विचारायची मुभा असली की मूल अडून बसत नाही.

मी ती फळ्यावरची पाटी पुसली, तेव्हा वर्गात थोडा गोंगाट वाढला हे खरं. पण त्या मुलीने पुढच्या शनिवारी वही पुढे केली. त्यात लिहिलं होतं, ‘आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर टू इयर्स,’ आणि खाली बारीक अक्षरात कोरियन. मी विचारलं, खाली काय लिहिलंयस? ती म्हणाली, ‘स्टिल हिअर, टीचर.’