पाणीवितरणाचे खाजगीकरण आणि लोकमत : अंधेरीचा अनुभव

घरातील नळाला वेळेवर पाणी येत असेपर्यंत त्यामागील यंत्रणेचा विचार सहसा कोणी करीत नाही. ती यंत्रणा कोणी चालवावी, असा प्रश्न उभा राहिला म्हणजे मात्र साऱ्या वस्तीचे लक्ष तिकडे वळते. मुंबईच्या उपनगरांत २००६-०७ मध्ये असाच प्रसंग आला. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या के-पूर्व विभागात, म्हणजे अंधेरी, जोगेश्वरी व विलेपार्ले यांच्या पूर्व भागात, पाणीवितरणाची व्यवस्था खाजगी संस्थेकडे देता येईल काय, याची चाचपणी करण्यात आली. त्यावर उमटलेली लोकांची प्रतिक्रिया स्थानिक स्वराज्य संस्थांशी संबंधित सर्वांनी समजून घ्यावी अशी आहे.

यंत्रणेचे स्वरूप

तानसा, वैतरणा व भातसा येथील पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून मुंबईकडे येते. त्याचा बराच भाग भांडुप येथे शुद्ध होतो आणि वेरावली टेकडीवरील जलाशयातून अंधेरीच्या परिसराला मिळतो. पाणी दिवसभर येत नाही. ठरलेल्या वेळी झडपा उघडून प्रत्येक भागाला ते पुरविले जाते. हे काम पालिकेचे ‘चावीवाले’ करतात. पुरेसा पाणीपुरवठा हे १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे.

खाजगीकरणाचे प्रकार

खाजगीकरण म्हणजे मालमत्तेची विक्रीच, असे नाही. काही ठिकाणी मालकी सार्वजनिक संस्थेकडे राहून केवळ देखभाल, देयकवसुली किंवा संपूर्ण वितरण कराराने सोपविले जाते. नागपूर महानगरपालिकेने २०१२ पासून शहराचे पाणीवितरण २५ वर्षांच्या कराराने अशाच रीतीने दिले आहे. उलटपक्षी, पॅरिस शहराने २०१० मध्ये खाजगी कंपन्यांकडील पाणीपुरवठा पुन्हा स्वतःच्या हाती घेतला. के-पूर्व विभागासाठी जागतिक बँकेशी संलग्न निधीच्या साहाय्याने ‘कॅस्टालिया’ या सल्लागार संस्थेकडून अभ्यास करवून घेण्यात आला. गळती कमी करणे आणि वितरण सुधारणे, हे त्याचे सांगितलेले उद्दिष्ट होते.

नागरिकांचे प्रश्न

जून २००७ मध्ये अभ्यासाची माहिती देण्यासाठी बोलाविलेल्या बैठकीत नागरिकांनी तीव्र आक्षेप नोंदविले. त्यांचे प्रश्न नेमके होते. पाणीपट्टीचे दर कोण ठरविणार? तक्रार घेऊन कोणाकडे जावयाचे? नगरसेवकास जाब विचारता येतो, तसा तो कंपनीस विचारता येईल काय? पालिकेच्या अभियंत्यांची व कामगारांची मते विचारात घेतली आहेत काय? विभागात येणाऱ्या व गळणाऱ्या पाण्याचे नेमके मोजमाप झाले आहे काय?

झोपडपट्टीतील कुटुंबांची चिंता अधिक खोल होती. तेथे अनेक कुटुंबांना मिळून एक नळजोडणी असते, आणि वास्तव्याचा पुरावा नसलेल्यांना तीही मिळणे कठीण होते. देयकवसुलीवर उत्पन्न अवलंबून असलेली संस्था अशा वस्तीकडे कितपत लक्ष देईल, ही शंका अवास्तव म्हणता येणार नाही. त्याचबरोबर प्रचलित व्यवस्थेवरही लोक समाधानी नव्हते. अपुरा दाब, गैरसोयीच्या वेळा आणि विषम वाटप यांबाबत तक्रारी होत्याच. विरोध सुधारणेला नव्हता. उत्तरदायित्व हातातून निसटण्याला होता.

निष्पत्ती आणि बोध

हा प्रस्ताव अंमलात आला नाही. विभागाचे पाणीवितरण पालिकेकडेच राहिले. तेवढ्याने मूळ प्रश्न सुटला नाही. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अनधिकृत झोपड्यांतील रहिवाशांनाही पाणी नाकारता येणार नाही असे स्पष्ट केले, आणि २०२२ मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण स्वीकारले.

ग्रामपंचायतीची नळयोजना असो वा महानगराची, तिची व्यवस्था दुसऱ्याकडे सोपविण्यापूर्वी दर, तक्रारनिवारण, दुर्बल घटकांचा वाटा आणि करार संपविण्याचा अधिकार या चार बाबी लोकांपुढे स्पष्ट असावयास हव्यात. अभ्यास पूर्ण झाल्यावर लोकांना बोलाविले, तर ते आक्षेप घेण्यासाठीच येतात; आरंभीच बोलाविले, तर गळती कोठे आहे हेही तेच सांगतात.