कोयनेखालची तूट

सांगलीत स्प्रिंगच्या काट्यावर ६० किलो भरणारा माणूस महाबळेश्वरला गेला की सुमारे सहा ग्रॅमने हलका होतो. (घरच्या काट्यावर हे दिसायचं नाही, मापं टाकून तोलायच्या तराजूत तर मुळीच नाही, कारण तिथे मापंही तितकीच हलकी झालेली असतात.) ८०० मीटर चढलो, पृथ्वीच्या केंद्रापासून तेवढे लांब गेलो, त्यात पंधरा ग्रॅम गेले. पण पायाखाली तेवढ्याच उंचीचा काळा पाषाण आला, त्याच्या ओढीने सहा परत दिले. उत्तरेकडे सरकल्याचे आणखी तीन.

ग्रहांचा हिशेब याहून वेगळा नाही: वस्तुमानाला त्रिज्येच्या वर्गाने भागायचं. मंगळाचं वस्तुमान बुधाच्या जवळजवळ दुप्पट, पण त्रिज्याही मोठी. म्हणून दोघांच्या पृष्ठभागावरची ओढ सारखीच, आपल्या ३८ टक्के. नुसती ओढ मोजली तर कोण मंगळ नि कोण बुध, ओळखता येणार नाही.

कोयनेत नेमकं इथेच अडलं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला आणि या डोंगरांखाली काय आहे, हा प्रश्न ऐरणीवर आला. १९७२ साली भूभौतिकशास्त्रज्ञ कैलासम आणि सहकाऱ्यांनी दख्खनच्या पठारावरची गुरुत्वमोजणी प्रसिद्ध केली. उंचीचा आणि खडकाचा हिशेब चुकता करूनही कोयना आणि कुर्डुवाडी इथे ओढ कमीच भरत होती. खाली वस्तुमानाची तूट होती, पण किती खोल? पुढच्याच वर्षी कृष्णब्रह्मम आणि नेगी यांनी त्या काळ्या पाषाणाखाली, म्हणजे बेसाल्टखाली झाकलेल्या, हलक्या गाळाने भरलेल्या खचदऱ्यांची कल्पना मांडली. कल्पना देखणी होती. मात्र तीच तूट फार खोलवरच्या, जरा हलक्या कवचानेही पडू शकते, आणि काट्याला दोन्ही सारखंच.

दरम्यान सांगलीच्या हद्दीवर चांदोलीला वारणेचं धरण भरू लागलं आणि १९९३पासून तिकडेही धक्के वाढले. मग मात्र कागदावरची आकडेमोड पुरेना. कराडला प्रयोगशाळा उभी राहिली, जमिनीत जागोजागी खोल छिद्रं घेतली गेली, आणि २०१७ साली गोठणे गावचं छिद्र ३ किलोमीटरवर पोचलं. तिथे बेसाल्ट १,२४७ मीटरवर संपला. त्याखाली थेट ग्रॅनाइटी जुना खडक लागला. खचदरीत साठावा तसा गाळाचा जाड थर मध्ये नव्हता.