आधी ब्रेक, मग वेग

चंदगडहून तिलारी घाट उतरून कोकणात गेलेल्यांना एक वास चांगला ओळखीचा असेल. घाटाच्या पायथ्याशी एखादी मोटार कडेला उभी असते आणि तिच्या चाकांजवळून काहीतरी करपल्यासारखा उग्र वास येत असतो. गाडीत बिघाड झालेला नसतो. इंजिनाने तर उतरताना फारसे कामच केलेले नसते. मग एवढी उष्णता आली कोठून?

उत्तर सोपे आहे. चालकासह १००० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार १०० मीटर खाली उतरली की तिची स्थितिज ऊर्जा १००० × ९.८ × १०० म्हणजे ९८० किलोज्यूलने कमी होते. ऊर्जा नष्ट होत नाही, हे आपण जाणतो. उताराच्या शेवटी गाडीचा वेग वाढलेला नसेल, तर ही ऊर्जा कोठेतरी गेलीच पाहिजे. थोडी हवेच्या विरोधात जाते, थोडी टायर आणि इंजिनात जिरते आणि उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसते. म्हणूनच जुने चालक सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. तसे केले की इंजिन गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो.

तापलेल्या ब्रेकचा हा प्रश्न घाटापुरता नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर तो आणखी उग्र रूपात उभा राहतो.

ट्रॅक डे म्हणजे काय?

शर्यतीच्या मार्गावर काही दिवशी सामान्य माणसांनाही आपली रोजची गाडी चालवता येते. याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. ही शर्यत नव्हे. येथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो. साधारण पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्या असतात, सर्व गाड्या एकाच दिशेने धावतात आणि पुढे जाण्याच्या जागाही बहुधा ठरवून दिलेल्या असतात. आपल्या देशात चेन्नईजवळचा १९९० साली सुरू झालेला ट्रॅक, कोइमतूरचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा ५ किलोमीटरहून लांब बुद्ध सर्किट ही प्रमुख ठिकाणे आहेत. बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली होती. आपल्या कोल्हापुरालाही मोटारशर्यतीचा नाद आहे. येथे लहान कार्ट गाड्यांसाठी ट्रॅक उभा राहिला आणि कोल्हापूरच्या कृष्णराज महाडिक याने २०१८ साली ब्रिटनमधील फॉर्म्युला थ्री मालिकेत भाग घेतला.

रोजची गाडी ट्रॅकवर न्यायची म्हटले की बहुतेकांना प्रथम इंजिन आठवते. ते अधिक ताकदवान कसे करावे, सायलेन्सर कोणता लावावा, असे प्रश्न सुरू होतात. परंतु जाणकार मेकॅनिक आधी चाके खोलून ब्रेक पाहतो. असे का, ते आकडेच सांगतील.

वेग दुप्पट, उष्णता चौपट

गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. आपली १००० किलोग्रॅमची गाडी ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर वेगाने धावत असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ३८६ किलोज्यूल असते. एवढ्या उष्णतेने २५ अंश सेल्सिअसचे सव्वा लिटर पाणी उकळीला येईल! वेग ताशी ५० किलोमीटर असता, तर हीच ऊर्जा केवळ चौथा हिस्सा असती.

ट्रॅकवर लांब सरळ भागाच्या शेवटी गाडीचा वेग ताशी १४० किलोमीटर आहे आणि वळणासाठी तो ६० वर आणायचा आहे, असे समजू. दोन्ही वेगांच्या गतिज ऊर्जांमधील फरक सुमारे ६१७ किलोज्यूल येतो. ब्रेक लागला की गाडीचे वजन पुढे झुकते. म्हणून ढोबळमानाने ७० टक्के काम पुढचे ब्रेक करतात. म्हणजे पुढच्या प्रत्येक डिस्कच्या वाट्याला सुमारे २१६ किलोज्यूल येतात. डिस्क ५ किलोग्रॅम बिडाची असेल, तर एकदा ब्रेक दाबताच तिचे तापमान सुमारे ९५ अंशांनी वाढते. रस्त्यावर असा ब्रेक क्वचित लागतो आणि नंतर डिस्क थंड व्हायला सवड मिळते. ट्रॅकवर मात्र ती निवते न निवते तोच पुढचे वळण येते. काही फेऱ्यांत डिस्कचे तापमान कित्येक शे अंशांवर पोचते. साधे ब्रेक पॅड एवढे तापले की त्यांचे घर्षण कमी होते. चालक पेडल दाबतो, पण गाडी पूर्वीसारखी थांबत नाही.

तेलाला उकळी

याहून मोठा धोका ब्रेक ऑइलचा. पायाचा दाब चाकापर्यंत कसा पोचतो? पास्कलच्या नियमाने. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पोचतो आणि द्रव जवळजवळ दबत नाही. परंतु नेहमीच्या ब्रेक ऑइलचा एक स्वभाव आहे. ते हवेतील बाष्प हळूहळू शोषून घेते. चंदगडच्या पावसाळ्यात हवेला बाष्पाची काय कमतरता! ‘डॉट ३’ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषलेल्या तेलासाठी मात्र ही मर्यादा १४० अंश आहे. ‘डॉट ४’ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत.

तापलेल्या पॅडमधून उष्णता तेलापर्यंत पोचली आणि ते उकळले, तर नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात. वायू सहज दबतो. चालकाच्या पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो आणि पेडल तळाला टेकते. गाडी मात्र धावतच राहते.

म्हणून ट्रॅकची पहिली तयारी म्हणजे जुने ब्रेक ऑइल काढून नवे ‘डॉट ४’ किंवा गाडीला चालेल असे त्याहून वरच्या प्रतीचे तेल भरणे, नळ्यांतील हवा काढणे आणि पॅड पुरेसे जाड आहेत ना, ते पाहणे. पाटणे फाट्यावरच्या कोणत्याही गॅरेजमध्ये होण्यासारखे हे काम आहे आणि रुंद टायर किंवा आवाजाच्या सायलेन्सरच्या मानाने स्वस्तही!

फेऱ्या संपल्यावर गाडी लगेच थांबवीत नाहीत. शेवटची फेरी सावकाश, ब्रेक शक्यतो न वापरता मारतात, म्हणजे वाऱ्याने डिस्क निवतात. थांबल्यावर हँडब्रेकही ओढत नाहीत. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवतात.

तळहाताएवढी चार ठिकाणे

ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवते ते टायर आणि रस्ता यांमधील घर्षण. प्रत्येक टायर जमिनीला साधारण तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. एवढ्या चार जागांवर सगळी भिस्त!

टायरमधील हवेचेही गणित आहे. गॅरेजवाला ज्याला ‘३० ची हवा’ म्हणतो, तो दाब वातावरणाच्या दाबापेक्षा दर चौरस इंचाला ३० पौंड जास्त असतो. वातावरणाचा दाब १४.७ धरला, तर एकूण दाब ४४.७ झाला. हवा २७ अंशांवरून ७७ अंशांवर तापली, म्हणजे निरपेक्ष तापमान ३०० वरून ३५० झाले, तर एकूण दाब ४४.७ × ३५० ÷ ३०० = ५२.१ होईल. त्यातून १४.७ वजा केले की गेजवर ३७ हून अधिक आकडा दिसेल. टायर जास्त फुगला की मध्यभागावरच टेकतो आणि पकड घटते. म्हणून ट्रॅकवर टायर गरम असतानाच दाब मोजून जादा हवा सोडतात. घरी परतण्यापूर्वी ती पुन्हा भरणे विसरून चालत नाही. टायर थंड झाले की दाब गरजेपेक्षा खाली गेलेला असतो.

बाकी तयारी थोडक्यात सांगता येईल. चाकांचे नट टॉर्क पान्याने ठरल्या जोराने आवळावेत. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत असावे, कारण लांब वळणात तेल एका बाजूला सरते. कूलंट पुरेसे असावे. इंजिन गरम असताना मात्र त्याचे झाकण उघडू नये. बॅटरी घट्ट बांधलेली असावी. डिकीतील जॅक, स्टेपनी, पाण्याची बाटली, चालकाच्या पायाखालची सैल चटई हे सगळे बाहेर काढावे. गाडी थांबली तरी सुटी वस्तू त्याच वेगाने पुढे जाते, हा न्यूटनचा पहिला नियम आहे.

वळणाचे गणित

वळणावर गाडीला लागणारे अभिकेंद्री बल टायरचे घर्षण पुरवते. यावरून कमाल वेगाचा वर्ग = घर्षणांक × गुरुत्वत्वरण × वळणाची त्रिज्या. यात गाडीचे वस्तुमान येतच नाही! कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरला, तर २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर कमाल वेग सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर येतो. ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.४ झाला, तर तो ताशी ३६ वर येतो.

मग शर्यतीतील चालक त्याच वळणावर अधिक वेगाने कसे जातात? ते त्रिज्याच वाढवतात. बाहेरच्या कडेने वळणात शिरायचे, मध्यावर आतल्या कडेला स्पर्श करायचा आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघायचे.

करून पाहा

आलेख कागदावर १ सेंटिमीटर = ५ मीटर असे प्रमाण घ्या. मध्यभागी ‘क’ बिंदू मांडा. ‘क’ च्या वरच्या व उजव्या दिशांमध्ये ४.२ आणि ५.८ सेंटिमीटर त्रिज्यांची दोन पाव वर्तुळे काढा. त्यांच्या वरच्या टोकांपासून डावीकडे आणि उजव्या टोकांपासून खाली ५-५ सेंटिमीटर सरळ रेषा ओढा. हे काटकोनी वळण झाले. त्याच्या मधोमध जाणारी वाट ५ सेंटिमीटर, म्हणजे २५ मीटर त्रिज्येची. आता ‘क’ मधून वळणाला दुभागणारी तिरपी रेषा काढून ती ‘क’ च्या मागे, डावीकडे खाली, वाढवा. तिच्यावर ‘क’ पासून सुमारे साडेपाच सेंटिमीटरवर कंपासचे टोक ठेवा आणि सुमारे ९.७ सेंटिमीटर त्रिज्येचा कंस काढा. तो दोन्ही बाजूंना बाहेरच्या रेषेला आणि मध्ये आतल्या कंसाला टेकून जाईल. त्याची खरी त्रिज्या सुमारे ४८ मीटर आणि कमाल वेग ताशी ७० किलोमीटर! रस्ता तोच, टायर तेच. वाट फक्त बदलली.

चालकाची तयारी

टायरची पकड ही घरातल्या पगारासारखी ठरलेली असते. ती ब्रेकवर खर्च केली तर वळणासाठी कमी उरते. हा हिशेब साध्या बेरजेचा नसून पायथागोरसच्या त्रिकोणाचा आहे. एकूण पकड १० मानली आणि ब्रेकवर ८ खर्च झाली, तर वळणासाठी ६ उरते. ब्रेकवर पूर्ण १० खर्च झाली, तर काहीच नाही. म्हणून नवशिक्याला पहिला धडा मिळतो तो असा: ब्रेक सरळ रेषेत लाव, मग सोड, मग वळ. प्रत्येक हालचाल धसक्याशिवाय झाली पाहिजे.

दुसरा धडा नजरेचा. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. बॉनेटच्या पुढेच पाहणाऱ्याला विचार करायला वेळ मिळत नाही. नजर पुढच्या वळणावर हवी. तिसरा धडा निशाणांचा. पिवळे म्हणजे पुढे धोका आहे, कोणाला मागे टाकू नका. लाल म्हणजे फेरी थांबवली. निळे म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. चौकड्यांचे म्हणजे फेऱ्या संपल्या. याशिवाय हेल्मेट, आवळलेला सीटबेल्ट, आदल्या रात्रीची झोप आणि भरपूर पाणी यांना पर्याय नाही. थकव्याची पहिली जाणीव होताच बाहेर यावे.

घाट म्हणजे ट्रॅक नव्हे

आता आपल्या आकृतीकडे पुन्हा पाहा. त्रिज्या ४८ मीटर झाली, कारण गाडीने रस्त्याची जवळजवळ पूर्ण रुंदी वापरली. ट्रॅकवर हे चालते; समोरून कोणी येत नाही, कडेला मोकळी जागा असते आणि निशाणवाले पहाऱ्यावर असतात. तिलारी किंवा आंबोलीच्या घाटात रस्त्याची निम्मी रुंदी समोरून येणाऱ्याची असते. तेथे ‘शर्यतीची वाट’ धरणारा ज्या कडेला जातो, त्याच कडेने वळणाआडून एस.टी. चढत असते. भौतिकशास्त्राचे नियम दोन्हीकडे तेच आहेत, पण चूक पोटात घेण्याची ट्रॅकची सोय घाटात नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांना परवाना मिळायला अजून काही वर्षे आहेत. तोवर घरातील मोठ्यांना एक प्रश्न विचारता येईल: आपल्या गाडीचे ब्रेक ऑइल शेवटी कधी बदलले? उत्तर कोणाला आठवत नसेल, तर ट्रॅकचा विचार राहू द्या. पुढचा घाट उतरण्यापूर्वीच गाडी गॅरेजमध्ये न्यायला सांगा.