वर्दीआधीचा खर्च

सैन्यात अधिकारी व्हायला पैसे लागत नाहीत, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीपुरतं, म्हणजे खडकवासल्याच्या एनडीएपुरतं, ते बऱ्याच अंशी खरं आहे. तिथं निवड झाली की तीन वर्षांचं शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, औषधपाणी हा सगळा खर्च केंद्र सरकार करतं आणि शेवटी हातात जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी येते. त्यानंतर डेहराडूनच्या लष्करी प्रबोधिनीत किंवा हवाई दल-नौदलाच्या प्रबोधिनीत पुढचं प्रशिक्षण सुरू झालं की दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळू लागतं. मुलाला खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात घालायचं तर ज्या घरात सोनं गहाण टाकायची वेळ येते, त्या घराला हा मोठाच आधार आहे. पण वेगवेगळ्या लष्करी शिक्षणसंस्थांतल्या सवलती आणि शिष्यवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट ठळकपणे दिसते. मदतीचा जवळजवळ सगळा भार निवड झाल्यानंतरच्या वर्षांवर आहे. निवड होण्याआधीच्या सहा-सात वर्षांत, जेव्हा मुलगा किंवा मुलगी या परीक्षेच्या योग्यतेची होत असते, तेव्हा ती विरळ आहे. आणि प्रशिक्षण अर्धवट सोडावं लागलं, तर त्याहून विरळ. गरीब घरातल्या मुलांची गळती होते ती नेमकी या दोन टोकांना.

आधी मधला, म्हणजे सर्वांत भरभक्कम टप्पा पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोग एनडीए परीक्षेची जी अधिसूचना काढतो, तिच्या परिशिष्टात शिष्यवृत्त्यांची लांबलचक यादी असते. ती वाचण्यासारखी आहे. कर्नल केंडल फ्रँक स्मृती शिष्यवृत्ती माजी सैनिकाच्या मराठा मुलाला मिळते, वर्षाला ४,८०० रुपये. परशुरामभाऊ पटवर्धन शिष्यवृत्ती एकदाच, ५,००० रुपये. कौर सिंग स्मृती शिष्यवृत्ती बिहारमधून वरचं स्थान मिळवणाऱ्या दोघांना, महिन्याला ३७ रुपये. आसाम सरकारची महिन्याला ३० रुपये. ज्या काळी या रकमा ठरल्या त्या काळी त्यांना नक्कीच वजन असणार. आज तीस-सदतीस रुपयांत एका वेळचं जेवणही येत नाही. राज्यांच्या अलीकडच्या योजना जास्त सढळ आहेत. गोव्याच्या रहिवासी कॅडेटला महिन्याला १,००० रुपये आणि साहित्यासाठी एकदाच १२,००० रुपये मिळतात. हरियाणा आपल्या कॅडेटला एकरकमी एक लाख देतं. महाराष्ट्र ५०,००० रुपये देतो, मात्र माजी सैनिकाच्या किंवा त्याच्या विधवेच्या पाल्यालाच. म्हणजे बीडच्या ऊसतोड मजुराचा मुलगा खडकवासल्याला पोचला, तर या ५०,००० वर त्याचा हक्क नाही. सैनिकाच्या कुटुंबाचा मान राखावा, यात वादच नाही; पण ज्याच्या घरात सैन्याची कसलीही परंपरा नाही आणि पैसाही नाही, अशा मुलानं पहिल्या पिढीत ही मजल मारली तर राज्यानं त्याचाही सत्कार करायला हवा.

या यादीपेक्षाही महत्त्वाची आहे ती त्याच अधिसूचनेतली हातखर्चाची तरतूद. कॅडेटचा खासगी खर्च पालकांनी करायचा असतो आणि तो साधारण महिन्याला ३,००० रुपयांपेक्षा जास्त होणार नाही, असं त्यात म्हटलेलं आहे. शिवाय रुजू होताना पहिल्या काही महिन्यांचा हातखर्च, कपडे, विमा वगैरे मिळून काही हजारांची रक्कम जमा करावी लागते. हे ज्यांना झेपत नाही, त्यांना सरकार महिन्याला १,००० रुपये मदत देऊ शकतं. अट अशी, की पालकांचं मासिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. याचा हिशोब मांडून पाहावा. महिना २१,००० म्हणजे वर्षाला २ लाख ५२ हजार. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी केंद्र सरकारचीच मर्यादा वर्षाला आठ लाखांची आहे. एकच सरकार एका दारात ज्या कुटुंबाला दुर्बल म्हणतं, त्यालाच दुसऱ्या दारात सधन ठरवतं. महिन्याला २२,००० रुपये कमावणाऱ्या एसटी चालकाच्या मुलाला इथं एक पैसाही मिळत नाही. पात्र ठरलेल्यालाही तीन हजारांतले एक हजारच मिळतात, उरलेले दोन हजार घरूनच यायचे. प्रबोधिनीचा एकूण खर्च पाहता ही रक्कम क्षुल्लक आहे. म्हणूनच ती पूर्ण द्यायला हरकत नसावी.

तरीही, मी म्हणेन, एनडीएच्या फाटकापर्यंत पोचलेलं मूल पैशावाचून परत जात नाही. खरी अडचण फाटकाच्या अलीकडे आहे. एनडीएची लेखी परीक्षा ९०० गुणांची असते: गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००, त्यात एकट्या इंग्रजीला २००. त्यानंतर सेवा निवड मंडळाची, म्हणजे एसएसबीची, पाच दिवसांची चाचणी, तीही ९०० गुणांची. अर्धे गुण व्यक्तिमत्त्वाला आहेत. गटचर्चेत न बिचकता बोलणं, अडथळ्यांच्या मैदानावर चार अनोळखी मुलांना बरोबर घेऊन फळी-दोरीचं काम तडीस नेणं, समोर दाखवलेल्या पुसट चित्रावरून चार मिनिटांत गोष्ट लिहिणं: या गोष्टी अंगात मुरायला वर्षं लागतात. निवासी सैनिकी शाळेत त्या रोजच्या दिनक्रमातून येतात. म्हणून तर व्ही. के. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना १९६१ साली सैनिक शाळांची योजना निघाली आणि त्यातली पहिली शाळा २३ जून १९६१ रोजी आपल्या साताऱ्यात सुरू झाली. सर्वसामान्य घरातल्या मुलांना प्रबोधिनीसाठी तयार करायचं, हाच तिचा जाहीर हेतू होता. आज त्या शाळांची फी वर्षाला लाखाच्या वर गेली आहे. सहावी ते बारावी अशी सात वर्षं धरली, तर प्रबोधिनीतलं फुकट शिक्षण मिळवण्यासाठी आधी सात लाखांहून जास्त मोजावे लागतात.

यावर शिष्यवृत्त्या आहेत, आणि त्या चांगल्या आहेत. राज्य सरकार आणि संरक्षण मंत्रालय पालकांच्या उत्पन्नाच्या टप्प्यांनुसार फीचा भार उचलतात. अगदी कमी उत्पन्नाच्या घराला त्यामुळे मोठा दिलासा मिळतो. पण उत्पन्न थोडं वर सरकलं की मदत घटत जाते आणि फी मात्र दरवर्षी वाढते. २०२१ साली केंद्रानं खासगी संस्था आणि राज्यांच्या भागीदारीत शंभर नव्या सैनिक शाळा मंजूर केल्या. त्यांत वर्गातल्या निम्म्या मुलांना, गुणवत्ता आणि आर्थिक स्थिती पाहून, निम्मी फी मिळते, कमाल मर्यादा वर्षाला ४०,००० रुपये. इथं तुलना करणाऱ्या पालकांनी सावध राहायला हवं. नावात ‘सैनिकी’ असलेली प्रत्येक शाळा संरक्षण मंत्रालयाच्या सैनिक स्कूल सोसायटीची नसते, आणि सोसायटीच्या जुन्या व नव्या शाळांची मदतही सारखी नसते. शाळेची फी दीड लाख असेल, तर ४०,००० ची सवलत मिळूनही १ लाख १० हजार उरतातच. सवलतीचा आकडा पाहून भुलू नये. सवलत वजा जाऊन घरातून किती जाणार, तो आकडा विचारावा.

राष्ट्रीय मिलिटरी स्कूलची रीत वेगळी आहे. आपल्याला सर्वांत जवळचं बेळगावचं. ही विद्यालयं मुळात जवानांच्या मुलांसाठी निघाली, म्हणून तिथं फी वडिलांच्या हुद्द्यानुसार ठरते: जवानाला सर्वांत कमी, अधिकाऱ्याला जास्त, नागरी कुटुंबाला सर्वांत जास्त. डेहराडूनचं राष्ट्रीय भारतीय मिलिटरी कॉलेज, म्हणजे आरआयएमसी, १९२२ पासून चालू आहे; तिथल्या जागा इतक्या थोड्या, की बहुसंख्य घरांसाठी तिथल्या फीचा प्रश्न उद्भवतच नाही.

माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत शहाणी योजना महाराष्ट्र सरकारचीच आहे आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. १९७७ साली औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू झाली. एसपीआय या नावानंच ती ओळखली जाते. दहावीनंतर लेखी परीक्षा आणि मुलाखतीतून साधारण साठ मुलं निवडायची, अकरावी-बारावीची दोन वर्षं त्यांना वसतिगृहात ठेवायचं, आणि कॉलेजच्या अभ्यासाबरोबरच एनडीएची लेखी परीक्षा, शारीरिक तयारी, इंग्रजी संभाषण, एसएसबी हे सगळं करून घ्यायचं. खर्चाचा मुख्य भार राज्य सरकारवर. सात वर्षांच्या फीऐवजी दोन वर्षांची नेमकी मदत, आणि तीही मुलाचा कल स्पष्ट झाल्यावर. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं एनडीएचं दार मुलींना उघडलं, २०२२ साली पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये सतरा मुली पदवी घेऊन बाहेर पडल्या; हे पाहता २०२३ मध्ये नाशिकला मुलींसाठीही अशीच संस्था निघाली, हे योग्यच झालं. पदवीनंतरच्या परीक्षांसाठी नाशिक रोडला राज्याचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रही आहे.

यावर आक्षेप येईल की एनडीएची परीक्षा सर्वांना खुली आहे. अर्जाची फी अवघी १०० रुपये, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तीही माफ. एसएसबीला पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वेचं तिसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्याचं भाडं मिळतं. साध्या जिल्हा परिषद शाळेत शिकलेली मुलं निवडली गेल्याची उदाहरणंही आहेत. हे सगळं मान्य. पण परीक्षा खुली असणं आणि तयारी खुली असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एसएसबीत पहिल्या खेपेला नापास होणारे पुष्कळ असतात, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला यश येणारेही. दुसऱ्या खेपेचं भाडं मात्र घरचं, आणि मधल्या काळातल्या क्लासची फीही घरचीच. ज्याला पुन्हा प्रयत्न करणं परवडतं, त्याची शक्यता वाढत जाते. जिद्दीच्या चार मुलांची उदाहरणं देऊन उरलेल्यांची वाट सोपी होत नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे. एनडीएत जाताना पालक आणि कॅडेट बाँड लिहून देतात. स्वतःच्या कारणानं प्रशिक्षण सोडलं किंवा मिळालेलं कमिशन, म्हणजे अधिकारीपद, नाकारलं, तर झालेला खर्च पूर्ण किंवा अंशतः परत करावा लागतो. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातही, म्हणजे एएफएमसीतही, बाँड आहे आणि तिथली रक्कम अनेक लाखांत जाते. करदात्यांचा पैसा असल्यानं ही अट रास्त आहे. तरी अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीशी तुलना करून पाहावी. तिथंही शिक्षण मोफत, शिवाय पहिल्या वर्षापासून कॅडेटला पगार मिळतो. बदल्यात पाच वर्षांची प्रत्यक्ष सेवा. पण पहिली दोन वर्षं कॅडेट कर्जाच्या बोज्याशिवाय बाहेर पडू शकतो, खरी बांधिलकी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला होते. व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट किंवा सिटाडेल या तिथल्याच लष्करी महाविद्यालयांत उलट फी भरावी लागते, आणि सैन्याची शिष्यवृत्ती घेतली तर सेवेची हमी द्यावी लागते. आपल्याकडे सतरा-अठरा वर्षांचं पोर सही करतं, तेव्हा त्यानं लष्करी जीवन बहुतेक वेळा फक्त सिनेमात पाहिलेलं असतं. पहिली एक-दोन सत्रं बिनदंडाची ठेवली, तर ज्या घराकडे दंड भरायला पैसे नाहीत ते घर मुलाला पाठवायला कचरणार नाही.

आणि जे स्वतःहून सोडत नाहीत, त्यांचं काय? प्रशिक्षणात पाठीचा कणा मोडला, डोक्याला मार बसला, आणि वैद्यकीय मंडळानं बाद ठरवलं, की तो कॅडेट घरी जातो. कमिशन मिळालेलं नसल्यानं तो माजी सैनिक ठरत नाही. त्याला अपंगत्वाच्या प्रमाणानुसार सानुग्रह रक्कम मिळते, वृत्तपत्रांतल्या माहितीनुसार फार तर महिन्याला ४०,००० रुपयांपर्यंत. आयुष्यभर मदतनीस लागणाऱ्या मुलाच्या घरात ती पुरत नाही. १९८५ पासून असे सुमारे ५०० कॅडेट घरी पाठवले गेल्याचं प्रसिद्ध झालं, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर माजी सैनिकांची आरोग्य योजना त्यांना लागू करण्यात आली. नागरी महाविद्यालयात कुणी विद्यार्थ्याला भिंतीवरून उडी मारायला लावत नाही. जी संस्था शरीर पणाला लावायला सांगते, तिच्या आर्थिक मदतीत या जोखमीची भरपाई धरलीच पाहिजे, आणि ती सत्ताविसाव्या वर्षी जखमी झालेल्या लेफ्टनंटला मिळते तितकी, अठराव्या वर्षी जखमी झालेल्या कॅडेटलाही मिळायला हवी.

इतका पैसा आणायचा कुठून, हा शेवटचा आक्षेप. सगळ्या सैनिक शाळा मोफत करा, असं मी म्हणत नाही; ज्यांना फी परवडते त्यांनी ती भरावी. एनडीएच्या हातखर्चासाठीची २१,००० ची मर्यादा आठ लाख वार्षिक उत्पन्नापर्यंत नेणं फार खर्चाचं नाही, कारण वर्षाच्या दोन्ही परीक्षा मिळूनही प्रवेश मिळणारी मुलं आठशेच्या आसपासच असतात. महाराष्ट्रानं ५०,००० रुपयांची माजी सैनिकांची अट काढली, तर राज्यातून दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या मोजक्या मुलांचा बोजा तिजोरीला जाणवणारही नाही. आणि संभाजीनगर-नाशिकसारखी एकेक संस्था विदर्भात आणि कोकणात काढायची, तर दरवर्षी दीडशे-दोनशे मुलामुलींच्या राहण्या-शिकण्याचा खर्च राज्याला येईल. त्याची सुरुवात पुढच्या अर्थसंकल्पात करता येण्यासारखी आहे.